तरंग सोडणं सोपं, पोचवणं अवघड

माळशिरसच्या शाळेतून निघालो आणि पुढे नोकरीची सगळी वर्षं उच्च शक्तीच्या मायक्रोवेव्ह यंत्रणांवर गेली. आता गावीच असतो. अकलूज-नातेपुत्याकडची कॉलेजातली मुलं कधी घरी येतात आणि विचारतात, रेडिओतरंगांनी टोकामॅकमध्ये वीज कशी वाहते? त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

१. आधी प्रवाह कशाला हवा, हे विचारा. टोकामॅक म्हणजे अणुसंमीलनातून वीज मिळवण्यासाठीचं कड्याच्या आकाराचं निर्वात भांडं. त्यात लाखो-कोट्यवधी अंश तापलेला प्लाझ्मा भिंतीपासून दूर धरायचा असतो. बाहेरच्या वेटोळ्यांचं चुंबकीय क्षेत्र त्याला पुरत नाही. त्या क्षेत्राला पीळ लागतो, आणि तो पीळ प्लाझ्मातूनच वाहणाऱ्या प्रवाहाने पडतो. हा प्रवाह ट्रान्सफॉर्मरने निर्माण करतात. मधलं वेटोळं प्रायमरी, प्लाझ्मा हीच सेकंडरी. पण प्रायमरीतला प्रवाह सतत बदलत ठेवला तरच सेकंडरीला काही मिळतं, आणि एकाच दिशेने तो कायम बदलत ठेवता येत नाही. गांधीनगरजवळच्या भाट इथे प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली 'आदित्य' सुरू झालं. त्यातला प्लाझ्मा साधारण सेकंदाचा दहावा भाग टिकायचा. वीजकेंद्र असं धापा टाकत चालत नाही. म्हणून त्याच संस्थेच्या एसएसटी-१ या पुढच्या यंत्राची आखणी १,००० सेकंदांसाठी केली, आणि प्रवाह चालू ठेवायला लोअर हायब्रीड नावाच्या, ३.७ गिगाहर्ट्झच्या तरंगांची यंत्रणा ठेवली.

२. वेग जुळला तरच ढकलता येतं. गाळप हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉलीतून ऊस ओढायला पोरं धावतात. उभ्या पोराच्या हाती काही लागत नाही. ट्रॉलीच्या वेगाजवळ जो पोचतो त्यालाच ती पुढे खेचून नेते. तरंग आणि इलेक्ट्रॉनचंही असंच आहे. तरंगापेक्षा किंचित कमी वेगाचा इलेक्ट्रॉन तरंगाकडून ऊर्जा घेतो आणि पुढे ढकलला जातो. मग ढकलायचं कुणाला, सावकाश इलेक्ट्रॉनांना की वेगवानांना? सावकाशाला ढकलायला ऊर्जा कमी लागते, म्हणून पहिलं उत्तर तेच सुचतं. प्रिन्स्टनच्या नॅथानिएल फिश यांनी १९७८ मध्ये दुसरं उत्तर मांडलं. वेग दुप्पट झाला की इलेक्ट्रॉनच्या टकरी आठपट विरळ होतात. वेगवानाला ढकलणं महाग पडतं खरं, पण त्याने दिलेला प्रवाह टिकतो. या विषयातला हा मला सर्वांत सुंदर विचार वाटतो. तो नीट समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. दिशा फेज ठरवते. अँटेना म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या अरुंद वेव्हगाइडची, म्हणजे तरंग वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळ्यांची, जाळी. तिला ग्रिल म्हणतात. प्रत्येक वेव्हगाइडमधला तरंग शेजारच्यापेक्षा साधारण ९० अंश मागे ठेवला की सगळे मिळून एका दिशेने चालतात. तरंग दोन्ही दिशांना सारखाच वाटला गेला तर प्लाझ्मा तापतो, पण प्रवाह मिळत नाही. शक्ती तेवढीच खर्च होते.

४. सगळ्यात आधी परावर्तित शक्ती बघा. नवीन मुलं क्लायस्ट्रॉनमधून, म्हणजे हे तरंग तयार करणाऱ्या नळीतून, किती किलोवॅट निघाले ते कौतुकाने वाचतात. त्यातले परत किती आले, याकडे माझं लक्ष आधी जातं. कारण हा तरंग विरळ प्लाझ्मात शिरूच शकत नाही. ३.७ गिगाहर्ट्झला अँटेनाच्या तोंडापाशी दर घनमीटरला किमान १.७ गुणिले १० चा १७वा घात इतके इलेक्ट्रॉन हवेत. त्याहून कमी असतील तर तरंग तिथेच विझत जातो आणि बरीचशी शक्ती मागे फिरते. अँटेना पुढे सरकवली तर घनता मिळते, पण तोंड तापतं, त्याचा धातू प्लाझ्मात जातो आणि प्लाझ्मा मळतो. मागे घेतली तर परावर्तन वाढतं. ही सगळी कसरत मिलिमीटरांची. त्यात प्लाझ्मा एका जागी स्थिर राहत नाही, म्हणून तो धरून ठेवणाऱ्या मंडळींशी रोज बोलावं लागतं. अँटेनाजवळ थोडा वायू सोडला की घनता सावरते, हा उपाय जगभर वापरतात. पण किती सोडायचा हे पुस्तक सांगत नाही. ते त्या यंत्रापाशी बसूनच कळतं.

५. क्लायस्ट्रॉन जोडण्याआधी तार लावून बघा. आत आर्क झाला तर उच्च दाबाचा पुरवठा दहाएक मायक्रोसेकंदांत तुटायला हवा. क्लायस्ट्रॉनच्या जागी बारीक तांब्याची तार लावून शॉर्ट करायचं. तार शाबूत राहिली तर संरक्षण चोख. वितळली तर त्या दिवशी पुढचं काम नाही, कितीही घाई असो. आणि अर्थिंगचा दांडा टेकवल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हे कुणासाठीही बदलत नाही.

६. पुरावा दोन ठिकाणी शोधा. तरंग चालू होताच लूप व्होल्टेज, म्हणजे ट्रान्सफॉर्मर प्लाझ्माला देतो ते व्होल्टेज, उतरलं पाहिजे, आणि वेगवान इलेक्ट्रॉनांचे कठीण क्ष-किरण दिसले पाहिजेत. व्होल्टेज शून्यावर आलं आणि प्रवाह तसाच राहिला, तर सगळा भार तरंगाने उचलला.

७. मर्यादा झाकू नका. जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या ट्रायम-१एम यंत्राने २००३ मध्ये लोअर हायब्रीड तरंगांवर प्लाझ्मा ५ तास १६ मिनिटं टिकवला, पण तो विरळ होता आणि शक्तीही थोडी होती. फ्रान्सच्या वेस्ट या टोकामॅकने १२ फेब्रुवारी २०२५ रोजी २ मेगावॅट देऊन १,३३७ सेकंद गाठले. दाट, तप्त प्लाझ्मात मात्र हे तरंग गाभ्यापर्यंत पोचण्याआधीच शोषले जातात. भारत ज्यात भागीदार आहे त्या ईटर या टोकामॅकमध्ये १७० गिगाहर्ट्झचे तरंग असणार आहेत. त्यांचा बारीक झोत हवा तिथे वळवता येतो. तरीही सगळा प्रवाह तरंगांनीच चालवायचा म्हटलं तर त्यातच इतकी वीज खर्च होईल की केंद्राचा हिशेब जुळणार नाही. मोठा वाटा प्लाझ्माने स्वतःच्या दाबाच्या उतारातून, म्हणजे बूटस्ट्रॅप प्रवाहातून, द्यायला हवा. तरंगाने उरलेलं भरून काढावं.

या कामाला फक्त पीएच.डी. झालेले लागत नाहीत. निर्वात जोड गळू न देणारा वेल्डर, पाण्याच्या नळ्या बसवणारा फिटर, मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळणारा टर्नरही तितकाच लागतो. माळशिरस तालुक्यातल्या आयटीआयच्या आणि बी.एस्सी.च्या मुला-मुलींनो, भाटच्या संस्थेत विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कार्यक्रम असतो. त्याची जाहिरात शोधा, आपण पात्र आहोत का ते बघा आणि मग अर्ज करा.