शेतीकामासाठी हातशिलाईचे चामडी बूट : निवड, वापर व निगा

नांगर, पाभर किंवा बैल विकत घेताना आपला शेतकरी चार ठिकाणी चौकशी करतो, पारख करतो व मगच पैसे मोजतो. पायांत घालावयाच्या वस्तूविषयी मात्र इतकी चिकित्सा क्वचितच केली जाते. बाजाराच्या दिवशी स्वस्त दिसेल तो जोड घ्यावा, तुटेपर्यंत वापरावा व मध्यंतरी अनवाणी हिंडावे, असा परिपाठ पुष्कळ ठिकाणी आढळतो. वास्तविक पादत्राण हे शेतीचे एक अवजारच होय. उत्तम चामड्याचा हातशिलाईचा बूट महाग असतो. म्हणून तो कसा पारखावा, कोणत्या कामास वापरावा आणि कोणत्या कामास मुळीच वापरू नये, हे खर्च करण्यापूर्वी समजून घेणे अगत्याचे आहे.

पायाचे रक्षण कशासाठी?

तुरीचे धसकट, बाभळीचा काटा, निसटलेले खुरपे यांनी पायास जखम होते व मातीतील धनुर्वाताच्या जंतूंना वाट मिळते. ओलसर मातीतील अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात व त्यामुळे पुढे रक्तक्षय जडतो. याहून मोठे भय सर्पदंशाचे आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती. पुष्कळसे दंश पायावरच होतात.

आपली वहाण तळव्याचे उत्तम रक्षण करते. परंतु पायाचा वरचा भाग व घोटा उघडाच राहतो. घोट्याच्या वर पोहोचणारा जाड चामड्याचा बूट ही उणीव बरीचशी भरून काढतो. तथापि बूट हे अभेद्य कवच नव्हे. रात्री पिकास पाणी देण्यास जाताना बॅटरी व काठी बरोबर असलीच पाहिजे. दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णास तत्काळ प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

चामड्याची पारख

कातडे कमावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. बाभळीची साल, हिरडा इत्यादी वनस्पतींनी कमावलेले चामडे घट्ट असते व वापराने पायाचा आकार घेते. म्हणून ते तळास विशेष योग्य. कोल्हापुरी वहाणांचे चामडे याच रीतीने कमावतात. या वहाणांना २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांतील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरी रीत क्रोमच्या क्षारांनी कमावण्याची. हे चामडे मऊ व लवचीक असते व उष्णतेस अधिक टिकते. म्हणून ते बुटाच्या वरच्या भागास वापरतात.

कातड्याचा केसांकडील थर सर्वांत बळकट असतो. तो काढून घेतल्यावर उरलेल्या आतील थरावर रंगाचा जाड लेप देऊन तेही चामडे म्हणून विकले जाते. ते ओळखण्यासाठी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. चामडे अंगठ्याने दाबावे. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात व दाब काढताच नाहीशा होतात. लेपाचे चामडे दुमडल्यास भेगाळते.

२. कापलेली कड पाहावी. तंतू दाट व एकजीव दिसावेत; वर प्लास्टिकसारखा वेगळा पापुद्रा दिसू नये.

३. तळ केवळ चिकटवलेला आहे की शिवलेला, हे विचारावे व पाहावे. मेणवलेल्या दोऱ्याचे टाके सारख्या अंतरावर व घट्ट असावेत. शिवलेला तळ झिजल्यावर नवा बसविता येतो. महाग जोडाची खरी किंमत येथेच वसूल होते.

४. टाचेमागील भाग बोटाने दाबल्यास सहज चेपणारा नसावा.

माप कसे द्यावे?

अनवाणी चालण्याची सवय असलेला पाय पुढच्या बाजूस रुंद पसरलेला असतो. तयार बूट अशा पायास लांबीत जमला तरी रुंदीत आवळतो. हातशिलाईच्या कामाचा मोठा लाभ हा की, चर्मकार पायाच्या मापाप्रमाणे लाकडी साचा निवडतो व बूट त्यावर बेततो.

दिवसभराच्या श्रमाने पाय किंचित सुजतो, म्हणून माप सायंकाळी द्यावे. दोन्ही पायांचे माप घ्यावे, कारण ते क्वचितच सारखे असतात. कागदावर उभे राहून पायाची रेघ आखून घ्यावी व मोजे घालूनच बूट पायांत घालून पाहावा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, पंजा बाजूंनी आवळू नये व नाडी बांधल्यावर टाच फार उचलू नये. ‘वापराने सैल होईल’ या भरवशावर तोकडा बूट कधीही घेऊ नये.

नवा बूट वापरताना

नवा बूट घालून पहिल्याच दिवशी दिवसभर शेतात राबू नये. आरंभी तासभर घरी व अंगणात वापरावा व वेळ क्रमाक्रमाने वाढवावी. सुती किंवा लोकरी मोजे घालावेत. मधुमेही व्यक्तींच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. त्यांनी रोज रात्री पाय तपासून फोड आला आहे काय ते पाहावे. बूट घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी तो उलटा करून झटकावा. आत विंचू दडलेला असणे अशक्य नाही.

चामडी बूट कोठे वापरू नये?

फवारणीच्या वेळी चामडी बूट मुळीच वापरू नये. चामडे औषध शोषून घेते व मग कितीही धुतले तरी ते निघत नाही. बूट पुन्हा घातला की तेच विष त्वचेस लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजूर बळी पडले, हे विसरता कामा नये. या कामास रबरी गमबूट वापरावा व विजारीचा पाय गमबुटाच्या बाहेर ठेवावा, म्हणजे ओघळणारे औषध आत जात नाही. भातखाचरातील चिखलातही गमबूटच योग्य. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरील जखमांवाटे शरीरात शिरतात. त्यापासूनही तो रक्षण करतो.

निगा

चिखल सुकल्यावर ब्रशाने झाडावा व ओल्या फडक्याने पुसावे. गोठ्यातील मूत्र व खतांचे क्षार चामडे व टाके दोन्ही खातात, म्हणून त्या कामानंतर बूट त्याच दिवशी पुसावा. भिजलेल्या बुटात जुने वर्तमानपत्र कोंबून तो सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवल्यास चामडे आकसते व तडकते. महिन्यातून एकदा मेणाचे मलम किंवा थोडे एरंडेल चोळावे. यंत्रातील जळके ऑइल किंवा रॉकेल लावू नये. पावसाळ्यात बुरशी दिसल्यास पुसून बूट हवेवर ठेवावा.

खर्चाचा हिशेब

उदाहरणादाखल समजा, ६०० रुपयांचा साधा जोड आठ महिने टिकतो. पाच वर्षांत असे आठ जोड, म्हणजे ४,८०० रुपये लागतील. ३,००० रुपयांचा शिवलेला जोड पाच वर्षे वापरला व त्यास प्रत्येकी ५०० रुपये देऊन दोनदा तळ बसविला, तर खर्च ४,००० रुपये होईल. शेतकऱ्याने स्वतःचे आकडे घालून हा हिशेब करावा. निगा न राखल्यास महाग जोडही दोन वर्षांत निकामी होईल व हिशेब उलटेल, हे ध्यानात ठेवावे.

पूर्वी मोट, चाबूक व वहाणा यांसाठी शेतकऱ्याचा चर्मकाराशी वर्षभर संबंध असे. मोट गेली, पण आरी व रापी चालविणारे कसबी हात आजही अनेक गावांत आहेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरीपपूर्व सभेत अशा कारागिरास बोलावून चामड्याची पारख प्रत्यक्ष दाखवावी आणि आठ-दहा शेतकऱ्यांची मागणी एकत्र नोंदवावी. त्यायोगे कारागिरास काम मिळेल, शेतकऱ्यास मापाचा जोड मिळेल आणि पेरणीच्या दिवसांत पायाच्या दुखापतीने घरी बसण्याचे प्रसंग कमी होतील.