हुर्राकच्या भट्टीशेजारी लागरचा धडा

गोव्यात मोपाच्या सड्यावर एप्रिलची दुपार. मांगरात काजूची भट्टी पेटलेली आहे. भाणातली वाफ नळीतून पाण्यात बसवलेल्या भांड्यात उतरते आहे आणि हुर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास सगळीकडे भरून राहिला आहे. गोव्यातली कितीतरी मुलं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली. तिथल्या स्विंडन शहरात तर गोंयकारांची मोठी वस्तीच आहे. तिथून सुट्टीवर आलेला भाचा मामाशेजारी बसला आहे. मामाची उमेदीची वर्षं बीअरच्या कारखान्यात गेली. आता हंगामात ते भट्टी लावतात.

"मामा, मला घरी लागर बीअर करायची आहे," भाचा म्हणाला. "पण घर म्हणजे एक खोली आणि ओटा."

"कायद्याने चालतं का तिथे?"

"चालतं. ब्रिटनमध्ये घरगुती बीअरचा परवाना 1963 सालीच रद्द झाला. स्वतःपुरती करायची, विकायची नाही."

"मग कर. इथे अबकारीच्या परवान्याशिवाय ही भट्टीसुद्धा पेटत नाही."

मामांनी त्याला आंबत ठेवलेल्या रसाजवळ नेलं. वर फेस आला होता. बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, सालीवरचं रानटी यीस्ट या उकाड्यात दोन-तीन दिवसांत रस आंबवून टाकतं. बाहेरून काही घालावं लागत नाही. "याला ऊन मानवतं," मामा म्हणाले. "लागरच्या यीस्टचं बरोबर उलटं. त्याला 10 ते 12 अंश हवेत. तेसुद्धा भांड्यातल्या रसाचे, खोलीचे नव्हेत. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे रस खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरमच असतो."

"आणि गरम झालं तर?"

"फळांसारखे, झोंबरे वास येतात. हुर्राक गाळताना पहिली धार बाजूला काढता येते. बीअर गाळून शुद्ध करता येत नाही. आंबवताना झालेली चूक थेट पेल्यात उतरते."

म्हणूनच बव्हेरियात 1553 साली फर्मान निघालं होतं: 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बीअर करायचीच नाही. थंडीत करायची आणि तळघरात साठवायची. जर्मन भाषेत 'लागर्न' म्हणजे साठवणं. नाव तिथूनच आलं. लागरच्या यीस्टचा शुद्ध वाण कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन यांनी 1883 साली वेगळा केला. तो संकरित निघाला. त्याच्या दोन पालकांपैकी एक नेहमीचं पावाचं यीस्ट. थंडी सोसणारा दुसरा पालक शास्त्रज्ञांना 2011 साली सापडला, तोही दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात. बोंडूसुद्धा पोर्तुगीजांबरोबर दक्षिण अमेरिकेतूनच, ब्राझीलहून, इथे आला. भट्टी आणि लागर यांची मुळं अशी एकाच खंडात जावीत, हे भाच्याला फार आवडलं.

"पण एका खोलीत कसं जमवू?"

"आधी मोठं पिंप डोक्यातून काढ. साडेचार लिटरची काचेची बरणी घे. दहा लिटरचं पातेलं, एक किलो भरडलेलं माल्ट, आणि ते बांधायला मलमलची पिशवी. 66-67 अंशांच्या पाण्यात पिशवी तासभर बुडवून ठेव, माल्टमधल्या पिठाची साखर होते. मग पिशवी काढून हॉप्स घाल आणि तासभर उकळ. झाकण ठेवू नकोस, नाहीतर शिजलेल्या कोबीचा वास बसतो. पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून गार कर. त्यापुढे जे भांडं लागेल ते निर्जंतुक केलेलंच हवं."

"यीस्ट किती?"

"थंडीत ते हळू चालतं, म्हणून जास्त लागतं. 20 लिटरला साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं लागतात. तुला अर्ध्या पाकिटात भागेल. लहान घाण्याचा हाच मोठा फायदा."

आता थंडी. फ्रिज एकच, त्यात दूध आणि भाजी. मामांनी सांगितलेला उपाय साधा आहे: बरणी पाण्याने भरलेल्या टबात ठेवायची आणि त्या पाण्यात गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. पाणी हवेसारखं पटकन तापत नाही, त्यामुळे तापमान स्थिर राहतं. बरणीला थर्मामीटरची पट्टी चिकटवायची. इंग्लंडच्या हिवाळ्यात तापवण्याची सोय नसलेल्या कोपऱ्यात बर्फसुद्धा कमीच लागेल. मोपात हाच टब तासाभरात कोमट होईल.

दोन आठवड्यांनी बरणी टबातून काढून दोन-तीन दिवस 16 ते 18 अंशांवर ठेवायची. आंबताना तयार झालेला लोण्यासारखा वास यीस्ट मग स्वतःच संपवतं. ही पायरी घाईत गाळली जाते आणि तिथेच घरची लागर फसते.

"बाटल्या कधी भरायच्या?"

"हायड्रोमीटर तीन दिवस तोच आकडा दाखवेल तेव्हा. त्याआधी भरल्यास तर बाटली फुटेल. काच डोळ्यात जाते रे. साखर लिटरला सहा-सात ग्रॅम, त्याहून जास्त नको. दोन आठवडे खोलीत ठेव, गॅस धरू दे. मग फ्रिजच्या खालच्या कप्प्यात निदान चार आठवडे."

भाच्याने मनात हिशेब केला. गाळ वगळला तर अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या. कप्प्यात मावतील.

नोव्हेंबरच्या मध्यावर सुरुवात केली, तर पहिली बाटली जानेवारीच्या उत्तरार्धात उघडेल. त्यानंतर काही आठवड्यांत मोपाच्या सड्यावर बोंडू पिकायला लागतात आणि मामांची भट्टी पुन्हा पेटते.