हगवण लागलेल्या वासराचं दूध तोडावं का?

प्रश्न : आमची गाय व्यायल्यावर तिसऱ्या दिवशी दगावली. कालवड बाटलीवर आहे. आता आठ दिवसांची झाली आणि कालपासून तिला पिवळसर, पाण्यासारखी हगवण लागली आहे. सासूबाई म्हणतात, दूध बाधलं. दोन दिवस दूध तोड आणि गुळाचं पाणी पाज. शेजारी म्हणतात, आपण घेतो ती हगवणीची गोळी दे. कोणाचं ऐकू? – एक वाचक, भिवापूर

उत्तर : दूध तोडणं, गुळाचं पाणी आणि गोळी, तिन्ही सल्ले मायेपोटी आले आहेत. तरी या कालवडीसाठी तिन्ही टाळा.

आधी हगवणीत काय होतं ते पाहू. रोटाव्हायरस, ई-कोलाय, क्रिप्टोस्पोरिडियम असे जंतू कोवळ्या आतड्यात शिरले की पाणी शोषलं जाण्याऐवजी बाहेर पडू लागतं. पाण्याबरोबर क्षारही जातात, रक्तात आम्लता वाढते आणि वासरू मलूल होतं. बहुतेक वासरं दगावतात ती या सुकण्यामुळे. वीस-पंचवीस किलोच्या वासराच्या अंगातून दिवसभरात दोन लिटर पाणी सहज निघून जातं. म्हणून हगवण कशी थांबवायची यापेक्षा गेलेलं पाणी कसं भरून काढायचं, हा विचार आधी करायचा.

दूध बाधल्यामुळे हगवण लागते, हा समज फार जुना आहे. आजारात दूध पचवायची ताकद कमी होते, पण संपत नाही. एवढ्या लहान वासराच्या अंगावर चरबीचा साठा नसतो; दोन दिवस उपाशी ठेवलं तर ते आणखी खंगतं. दूध चालूच ठेवा, फक्त एका वेळी थोडं द्या. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं, म्हणजे दिवसाला दोन-अडीच लिटर कोमट दूध चार वेळांत विभागा.

दोन दुधांच्या मध्ये क्षार-ग्लुकोजचं पाणी पाजा. औषधाच्या दुकानात वासरांसाठीची पुडी मिळाली तर उत्तम. नाही तर माणसांचं ओआरएस, एका लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच मिसळून द्या. ते दुधात मात्र कालवू नका. वासराच्या पोटाच्या चौथ्या कोठ्यात दुधाची गुठळी व्हावी लागते आणि या पुड्यांतल्या काही क्षारांमुळे ती नीट होत नाही. दोन्हींत दोनेक तासांचं अंतर असू द्या. ग्लुकोज आतड्यातून जाताना सोडियमला सोबत नेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जातं. 1971 साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना याच तत्त्वावर वाचवलं होतं.

मग गूळ का नको? गुळात मुख्यतः उसाची साखर असते आणि ती फोडणारं विकर वासराच्या आतड्यात नसतं. न पचलेली साखर तिथे आंबते, पाणी ओढून घेते आणि हगवण वाढते. माणसाच्या लेकराला जे चालतं ते वासराला चालेलच असं नाही.

गोळीने आतड्याची हालचाल मंदावते आणि जंतू आतच अडकून राहतात. प्रतिजैविकांचं म्हणाल, तर विषाणूंवर ती चालतच नाहीत. ताप असेल, शेणात रक्त दिसत असेल तर ती द्यायची की नाही हे पशुवैद्यक ठरवतील.

आता बाटलीकडे पाहा. वासरू लुचतं तेव्हा पोटातली एक पन्हळ मिटते आणि दूध पहिल्या कोठ्यात न पडता थेट चौथ्यात जातं. त्यासाठी वासरू उभं हवं, मान पुढे ताणलेली आणि किंचित वर. भराभर प्यावं म्हणून बोंडीचं छिद्र कापून मोठं करू नका. बाटली उलटी धरल्यावर थेंब पडावेत, धार लागू नये. धार लागली तर दूध श्वासनळीत जातं आणि हगवणीच्या जोडीला न्यूमोनिया येतो. दर वेळी बाटली-बोंडी आधी साध्या पाण्याने विसळा, मग गरम पाणी आणि साबणाने घासा; आतल्या दुधाच्या पातळ थरातच जंतू वाढतात.

कालवड किती सुकली आहे हे पाहायला तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. ती दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तशीच उभी राहिली, डोळे खोल गेले, तोंड आतून गार लागलं किंवा तोंडात घातलेलं बोट कालवड चोखेना, तर घरचे उपाय थांबवा. चोखत नसलेल्या वासराला नळकांड्याने काही ओतू नका. त्याला शिरेतून सलाईनच लागतं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.

तुमच्या कालवडीला तीन दिवस आई होती, तेव्हा चीक मिळाला असेल. पण अनेक घरांत वार पडेपर्यंत वासराला चीक पाजत नाहीत. ही चूक महागात पडते. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जातात ती पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त, आणि साधारण चोवीस तासांनी ती वाट बंद होते. वार केव्हाही पडो, जन्मल्यावर दोन तासांच्या आत पहिला चीक पोटात गेलाच पाहिजे.

आणखी एक. क्रिप्टोस्पोरिडियम वासराकडून माणसाला लागतो. कालवडीचं अंग पुसल्यावर किंवा तिची जागा झाडल्यावर साबणाने हात धुवा आणि ती बरी होईपर्यंत घरातल्या लहान मुलांना गोठ्यात जाऊ देऊ नका.