वस्तीची आरोग्य-पुढारी घडते कशी?



या पानावर आपण एरवी एखाद्या आजाराबद्दल बोलतो. या अंकात आजार वेळेवर ओळखणाऱ्या माणसाबद्दल लिहीत आहोत, आणि ते माणूस म्हणजे डॉक्टर नव्हे. इंदोरा घ्या, रामबाग घ्या, पाचपावली घ्या, प्रत्येक वस्तीत एक घर असतंच. रात्री दोनला कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाच्या पोराला झटके आले, की आधी त्या घराची कडी वाजते. तिथली बाई उठते, पायात चप्पल सरकवते आणि ऑटोत सोबत बसते. वस्तीने तिला केव्हाच पुढारी मानलेलं आहे. पण ताप किती चढला की थांबायचं नाही, दवाखान्यात कुठल्या खिडकीवर कोणता कागद दाखवायचा, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. ती अंदाजाने चालते. कधी निभावतं, कधी नाही.

पुढारी जन्माला येतो असं आपल्याकडे बरेच जण मानतात. बाबासाहेबांनी तसं मानलं नाही. राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी त्यांनी १९५६ च्या जुलैत मुंबईत खास प्रशिक्षण शाळा काढली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. सहा डिसेंबरला बाबासाहेब गेले, पुढच्या मार्चपर्यंत शाळा चालली आणि बंद पडली. पहिली तुकडी तीच शेवटची ठरली. आपल्या नागपुरात तर त्याआधीच, २० जुलै १९४२ ला, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गातील स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली होती. तिथे जमलेल्या हजारो बायांना बाबासाहेबांनी काय सांगितलं? स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका. नर्सच्या कानाने ऐकलं तर हा सरळ सरळ आरोग्याचा पाठ आहे.

बाया पुढारी कशा होतात, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात पक्कं उदाहरण जामखेडचं. नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर) हा दुष्काळी भाग. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये तिथे गेलं. सुरुवातीला त्यांनी गावोगाव शिकलेल्या नर्स पाठवल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या नर्सला गाव आपलं मानत नव्हतं, तिलाही तिथे सुरक्षित वाटत नव्हतं. आम्ही नर्सच असल्यामुळे हे आम्हाला लगेच पटतं. पांढरे कपडे घालून दारात उभं राहिलं की बाई खरं काही सांगत नाही. मग गावातल्याच बाया निवडायचं ठरलं. त्यातल्या बऱ्याच दलित होत्या, बऱ्याच निरक्षर होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. डॉक्टरांना काय येतं यातलं जवळपास सगळं त्यांना शिकवायला घेतलं: बाळंतपण, जुलाब, लसी, कुष्ठरोग, क्षय.

आता मुद्द्याची गोष्ट. या बायांना एकदाच पंधरा दिवसांचं शिबिर देऊन घरी धाडलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, राहत, एकत्र जेवत, एकत्र झोपत. मागच्या आठवड्यात गावात काय झालं ते आधी सांगायचं. कुणाचं मूल दगावलं, कोण लस घ्यायला नाही म्हणाली, कुठल्या घरात पाणी प्यायला दिलं नाही. त्यावर बोलणं झालं की मग नवा पाठ. जात पुस्तकातून शिकवून जात नाही, पण शेजारी बसून खाल्ल्याने सैल होते, हेही त्यातून झालं. वर्षानुवर्षं असं चाललं तेव्हा कुठे सवर्ण घरातली सासू सुनेच्या बाळंतपणाला दलित बाईला बोलवू लागली. त्या गावांत १९७१ मध्ये हजारी १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. १९७६ पर्यंत तो आकडा ५२ वर आला. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतल्यावर बालमृत्यू किती उतरले, हे १९९९ मध्ये जगाने वाचलं. तिथेही हिशेब तोच. शिकवलं, पाठवलं, परत बोलावलं, पुन्हा शिकवलं.

आपल्याकडे शिबिरं होत नाहीत असं नाही. खूप होतात. सकाळी नोंदणी, पाहुण्यांचं स्वागत, साहेबांची भाषणं, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. फोटोतली बाई दुसऱ्या दिवशी वस्तीत गेली आणि कुणी एक अडचणीचा प्रश्न विचारला, की तिला परत विचारायला जागाच नसते. आम्हाला वाटतं खर्च इथे वाया जातो.

शिकवायचं काय, तेही ठरवायला हवं. नागपूरच्या बौद्ध वस्तीसाठी आम्ही पहिला विषय सिकलसेलच धरू. विदर्भात हा आजार आपल्या समाजात मोठ्या प्रमाणात आहे, आणि ही काही नवी बातमी नाही. शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर १९५८ मध्येच लिहून ठेवलं आहे. तरी आजही लग्न ठरताना पत्रिका पाहणारी घरं सापडतात, रक्ताचा कागद पाहणारी कमी.

आम्ही वर्गात हे दोन वाट्या घेऊन शिकवतो. एक वाटी आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक हरभरा, एक वाल. हरभरा म्हणजे चांगला गुण, वाल म्हणजे सिकलचा. ज्याच्याकडे एक हरभरा आणि एक वाल, तो एएस, म्हणजे वाहक. तो आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही. डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा उचलायचा, ते झालं मूल. दोन हरभरे आले तर निरोगी, एकेक आला तर वाहक, दोन्ही वाल आले तर एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. मग दाणे परत वाटीत टाकायचे आणि पुन्हा उचलायचे. बाया पाच-सहा वेळा उचलतात आणि कुणीतरी ओरडतं, “माय, दोन डाव लागोपाठ वालच आले!” तिथेच पाठ समजतो. चारात एक म्हणजे पहिली तीन सुटली आणि चौथं सापडलं असं नाही. दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला वाटी पुन्हा भरलेली असते. आणि एका वाटीत दोन्ही हरभरे असतील तर कितीही वेळा उचला, दोन वाल येतच नाहीत. म्हणजे वाहक मुलीचं लग्न मोडायचं कारण नाही, जोडीदाराचं रक्त तपासायचं कारण आहे. मुलाचंही. आमचा अनुभव असा की तपासणीचा कागद मुलीच्या बापाकडे मागतात, मुलाकडे नाही. वर्गात पोरं, बापे आले पाहिजेत ते यासाठी.

तपासणीतही एक बारकावा आहे. शिबिरात झटपट होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त रक्तात सिकल आहे की नाही एवढं सांगते. एएस की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवर कळतं. लग्नाआधी ही दुसरी तपासणी दोघांची व्हावी. दोघं वाहक निघाले आणि लग्न झालं, तर दिवस गेल्यावर लगेच डॉक्टरांना सांगायचं, कारण पोटातल्या बाळाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून करता येते. पाचव्या महिन्यात सांगून फार उशीर होतो.

पुढचा पाठ धोक्याच्या खुणांचा, आणि तो तोंडपाठ हवा. एसएस मुलाला १०१ च्या वर ताप आला तर घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. छातीत दुखणं, धाप लागणं. अचानक पांढरंफटक पडणं आणि पोटाची डावी बाजू फुगणं. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. वयात येणाऱ्या मुलांमध्ये लिंगाचा ताठरपणा तासन्‌तास न उतरणं. हे मुलगे लाजेने सांगत नाहीत, म्हणून आईला माहीत हवं. यातलं काहीही झालं तर मेडिकल, मेयो, डागा, जे जवळ असेल तिथे लगेच. साध्या दुखण्याला भरपूर पाणी, ऊब, आराम, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी. बर्फाने शेकायचं नाही. आणि रक्त कमी आहे म्हणून मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत; या मुलांना बहुतेक वेळा फॉलिक ॲसिड लागतं, लोह डॉक्टर ठरवतील.

एवढं पाठ झालं तरी ती अजून पुढारी झाली नाही. एका दवाखान्यात दुखण्याने कळवळणाऱ्या पोराला “नाटक करतो” असं ऐकवलेलं आम्ही पाहिलं आहे. अशा वेळी सोबतची बाई भांडली तर दार बंद होतं, गप्प बसली तर पोरगं तसंच पडून राहतं. म्हणून वर्गात नाटुकलं करतो. एकजण डॉक्टर, एकजण आई, एकजण सोबतची ताई. ताईने शांतपणे म्हणायचं, “साहेब, हा एसएस आहे, हा त्याचा कागद, कालपासून दुखते, रात्री १०२ ताप होता.” चार वाक्यं. पहिल्यांदा बाया हसतात, तिसऱ्यांदा आवाज सरळ होतो. आणि उलट बाजूही शिकवावी लागते: कुणाच्या रक्तात काय आहे हे नळावर बोलायचं नाही. ज्या बाईने एकदा गुपित फोडलं तिच्या दाराची कडी पुन्हा वाजत नाही.

तरुण पोरापोरींना घरदार सोडून राहून शिकायचं असेल तर कामठी रोडवरचं नागलोक आपल्याच शहरात आहे. तिथल्या नागार्जुन प्रशिक्षण संस्थेत कितीतरी राज्यांतली मुलं-मुली निवासी अभ्यासक्रम करून आपापल्या गावी कामाला लागली. पण धुणीभांडी करणारी बाई महिनाभर घर सोडू शकत नाही. तिचा वर्ग तिच्या वस्तीतच, तिच्या वेळेलाच भरला पाहिजे, आणि रोजी बुडत असेल तर त्याचा विचार आयोजकांनी आधी करायला हवा. सेवाभाव हा शब्द फुकट काम करून घेण्यासाठी वापरला जातो, ते आम्हाला पटत नाही.

शासनाची चौकटही आहे. २०१३ पासूनच्या शहरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती धरलेली आहे, आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी. आपल्या वस्तीत ती कागदावर आहे की खरंच बसते, खात्यावर सही कुणाची, हे आशाताईला विचारा. विचारणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

दर आठवड्याला जमायचं कसं, हा प्रश्न जामखेडपेक्षा आपल्याला सोपा आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन चालतंच. तीन महिने, बारा-तेरा रविवार, बाया आधीच जमलेल्या असतात. वाचन झाल्यावर एक तास थांबायचं. वस्तीतून दहा-बारा जणी आणि चार-पाच तरुण निवडा. निवड समितीने करू नये, घरोघरी एवढंच विचारा, “रात्री अडचण आली तर कुणाकडे जाता?” जी नावं पुन्हा पुन्हा येतील ती घ्या. पहिल्या रविवारी थर्मामीटर वाचणं, जीवनरक्षक साखर-मिठाचं पाणी करणं. दुसऱ्या रविवारी आधी मागच्या आठवड्यात काय घडलं ते ऐकणं, मग वाट्या आणि दाणे. शिकवायला नर्स लागली तर जवळच्या आरोग्य केंद्रात विहाराच्या लेटरहेडवर अर्ज द्या, पोच घ्या. आणि वहीत प्रत्येकीच्या नावापुढे लिहा, तिने या आठवड्यात कुणाला काय सांगितलं.