वजन उतरवण्याचे ऑपरेशन : निर्णय, तयारी आणि चालण्याची सवय



वस्तीत जाड माणसाला दोन प्रकारची बोलणी ऐकावी लागतात. कुणी म्हणते, "खात्यापित्या घरची आहे." कुणी म्हणते, "तोंड आवरत नाही." या बोलण्यांनी कुणाचे वजन उतरत नाही. उलट माणूस दवाखान्यात जायला लाजतो आणि तोवर साखर, रक्तदाब, गुडघेदुखी, दम ही दुखणी घरात येऊन बसतात. अलीकडे पोटाचे ऑपरेशन करून वजन उतरते, हे आपल्या लोकांच्याही कानावर आले आहे. मोबाइलवर जाहिराती येतात, दवाखान्याबाहेर बोर्ड दिसतात. काही घरे कर्ज काढायचा विचार करतात. म्हणून या अंकात आम्ही या ऑपरेशनची माहिती देत आहोत. ते कुणासाठी आहे, त्याची तयारी कशी करायची आणि चालण्याची सवय ऑपरेशनच्या आधीच का लावायची, हे समजून घेऊ.

आधी मोजमाप करा

वजन जास्त आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. समजा एका ताईंची उंची १५० सेंटीमीटर, म्हणजे दीड मीटर आहे आणि वजन ९० किलो आहे. ९० भागिले १.५ म्हणजे ६०. ६० भागिले १.५ म्हणजे ४०. त्यांचा बीएमआय ४० झाला.

आपल्या भारतीय शरीरात चरबी पोटाभोवती लवकर साठते. त्यामुळे आपल्यासाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबरही मोजा. पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी.

वजन का वाढले, हेही तपासून घ्यावे. थायरॉइडचा आजार, काही मानसिक आजारांवरची औषधे आणि स्टेरॉइड यांनी वजन वाढते. सांधेदुखीवर किंवा दम्यावर कुणी बिननावाच्या पुड्या देत असेल, तर त्यात स्टेरॉइड असू शकते. अशा पुड्या डॉक्टरांना नेऊन दाखवा. मात्र बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकदम बंद करणे धोक्याचे असते. ते डॉक्टरांच्या सांगण्यानेच कमी करायचे.

ऑपरेशन कुणासाठी?

हे ऑपरेशन सुंदर दिसण्यासाठी नाही. चरबी ओढून काढण्याचे ऑपरेशन वेगळे, हे वेगळे. भारतात बरीच वर्षे चालत आलेला नियम असा : बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असा आजार असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली. पण आकडा बसला म्हणजे ऑपरेशन केलेच पाहिजे, असे नाही. आहार, व्यायाम आणि औषधे यांचा मनापासून प्रयत्न आधी झालेला असावा. आता वजन कमी करणारी इंजेक्शनेही मिळतात. तीही डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायची असतात आणि बंद केल्यावर वजन पुन्हा वाढते, हे लक्षात ठेवा.

योग्य माणसाला ऑपरेशनचा फायदा मोठा असतो. अनेकांचे एकूण वजनाच्या चौथ्या भागाइतके किंवा थोडे अधिक वजन पहिल्या दीड-दोन वर्षांत उतरते. मधुमेह नवा असेल तर बऱ्याच जणांची गोळी कमी होते, काहींची बंदही होते. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो रुग्णांवर लक्ष ठेवले गेले. ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी राहिले, असे त्या अभ्यासाने २००७ मध्ये दाखवले.

कोणते ऑपरेशन?

दोन प्रकार जास्त केले जातात. दोन्ही दुर्बिणीतून, लहान छिद्रे पाडून होतात.

स्लीव्ह : जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी शिल्लक ठेवतात. पोट लवकर भरते. भूक वाढवणारे एक संप्रेरक कापलेल्या भागात जास्त तयार होते, म्हणून भूकही कमी होते. काढलेला भाग पुन्हा बसवता येत नाही. ज्यांना आधीच छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे, त्यांचा त्रास यात वाढू शकतो.

बायपास : जठराच्या वरच्या टोकाला छोटीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. जळजळ असणाऱ्यांना आणि मधुमेह जास्त असणाऱ्यांना हे अनेकदा बरे पडते. पण जीवनसत्त्वांची कमतरता यात जास्त होते. गोड खाल्ले तर घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात. दुखण्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्यांनी जोडाच्या जागी जखम होऊ शकते, म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणून खायची नाही.

अनुभवी केंद्रात ऑपरेशनमुळे जीव जाण्याचे प्रमाण हजारात काहीजण इतके कमी आहे. तरी टाके गळणे, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी होणे हे धोके आहेत. पुढे पित्ताशयात खडे होऊ शकतात. काही महिन्यांनी केस गळतात, ते बहुतेकदा परत येतात. कातडी लोंबते. आणि जुन्या सवयी परतल्या की काही वर्षांनी वजनही परतते.

घरात बसून बोलायच्या गोष्टी

जाहिरातीत ज्या गोष्टी सांगत नाहीत, त्या आपल्या घरात आधी बोलून घ्या.

पाणी आणि संडास : ऑपरेशननंतर दिवसभर घोटघोट करून दीड ते दोन लिटर पाणी प्यायचे असते. आपल्या अनेक भगिनी सार्वजनिक संडासाला रांग नको, रात्री अंधारात जायला नको म्हणून पाणीच कमी पितात. ऑपरेशननंतर ही सवय अंगाशी येते. रात्री सोबत कोण येईल, जवळ सोय कुठे आहे, हे आधी ठरवा.

काम : बसून काम असेल तर दोन आठवड्यांत जाता येते. पण धुणीभांडी, सफाई, हमाली, बांधकाम अशा कामाला चार ते सहा आठवडे सुट्टी लागते. तेवढे दिवस चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलायचे नाही. पाण्याने भरलेली कळशी त्याहून जड असते. नळावरचे पाणी तेव्हा मुलाने किंवा नवऱ्याने भरायचे, हे घरात स्पष्ट बोलले पाहिजे.

पैसा : खासगी रुग्णालयात खर्च काही लाखांत जातो. शिवाय जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि वर्षाकाठी रक्ततपासणी हा खर्च जन्मभराचा आहे. ऑपरेशनला कर्ज काढले आणि पुढे गोळ्यांना पैसे उरले नाहीत, तर हातापायांना मुंग्या, रक्तक्षय, हाडे ठिसूळ होणे असे त्रास मागे लागतात. काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हे ऑपरेशन होते, तिथे आधी चौकशी करा. ईएसआयसी कार्ड असेल तर त्या दवाखान्यात विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत तुमचा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. आरोग्य विमा असेल तर २०१९ च्या नियमांनुसार वय १८ च्या वर असणे आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असणे, अथवा ३५ च्या वर असून गंभीर आजार असणे, अशा अटी असतात. विमा कंपनीकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका.

मूल : ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये. वजन उतरले की दिवस राहण्याची शक्यता वाढते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी पुरती शोषली जात नाही. म्हणून डॉक्टरांना दुसरा उपाय विचारा.

तयारी

रक्त, थायरॉइड, हृदय आणि यकृत तपासतात. पोटाची सोनोग्राफी आणि गरजेनुसार जठराची दुर्बीण-तपासणी करतात. फार घोरणाऱ्यांची झोपेची तपासणी होते. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याशी बोलणे होते. 'मला काय वेड लागले आहे का' म्हणून मानसोपचार टाळू नका. ताण आला की खाण्याकडे हात जातो का, हे ऑपरेशनच्या आधीच कळलेले बरे.

तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी किमान सहा आठवडे आधी बंद झाली पाहिजे आणि पुन्हा सुरू होता कामा नये. तंबाखूने टाके भरत नाहीत. मिश्री फक्त दाताला लावते, पोटात जात नाही, असे भगिनी म्हणतात. तिच्यातले निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते. दारूही सोडावी. ऑपरेशननंतर ती फार लवकर चढते आणि व्यसन नव्याने जडू शकते.

शेवटचे दोन आठवडे भात, भाकरी, साखर अगदी कमी करून प्रथिनांवर भर देणारा आहार देतात. त्याने यकृत आकसते आणि डॉक्टरांना दुर्बिणीतून जागा मिळते. मधुमेहाच्या रुग्णांनी या काळात गोळ्या किंवा इन्शुलिन किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. खाणे कमी आणि औषध तेवढेच राहिले तर साखर धोकादायक खाली जाते.

चालण्याची सवय आजपासून

ऑपरेशन झाल्यावर व्यायाम करू, असे म्हणणाऱ्यांचा व्यायाम बहुधा सुरू होत नाही. आधी चाललेल्याची छाती मजबूत असते, भूल सोसते आणि ऑपरेशननंतर तो लवकर उठतो. "दिवसभर कामच करतो, आणखी व्यायाम कशाला?" असेही विचारले जाते. कामात एकाच प्रकारची हालचाल पुन्हा पुन्हा होते, अंग दुखते, पण दम वाढत नाही. म्हणून वेगळे चालणे हवे.

पहिले दोन आठवडे : रोज दहा मिनिटे चाला. विहाराचे आवार, शाळेचे मैदान, रुंद गल्ली, कुठेही चालेल. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा. पायात चप्पल सैल नको. मधुमेह असेल तर बंद बूट घाला आणि घरी आल्यावर तळपाय तपासा.

तिसरा-चौथा आठवडा : सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटे. एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. भिंतीला हात लावून दहा वेळा पुढे-मागे व्हा.

पाचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत : तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे १५० मिनिटे झाली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान एवढेच सांगते. उठा-बसा दोन वेळा पंधरा करा.

गुडघे फार दुखत असतील तर बसूनच पाय सरळ करून दहापर्यंत मोजा. छातीत दुखले, चक्कर आली, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. एकटीला बाहेर पडायला संकोच वाटत असेल तर तीन-चार जणी मिळून निघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवशी खूण करा.

संयुत्त निकायात कोसलच्या पसेनदी राजाची हकिकत येते. तो अति जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. त्यांनी त्याला जेवणातले प्रमाण ओळखायला सांगितले. राजाने एका तरुणाला रोज जेवताना त्याची आठवण करून देण्याचे काम दिले आणि हळूहळू त्याचे जेवण व अंग दोन्ही कमी झाले. राजालाही आठवण करून देणारे माणूस लागले. आपल्या घरातही असे एक माणूस नेमा. टोमणा मारणारे नको, सोबत चालणारे हवे.

ऑपरेशननंतर

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. त्याने रक्ताची गुठळी टळते. पहिले काही दिवस पातळ, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, तेही थोडे थोडे. जेवणासोबत पाणी नाही. जेवल्यावर अर्ध्या तासाने प्यावे. घास बारीक चावावा. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. मासे, चिकन, डाळ, सोयाबीन, दही हे आपल्या चुलीवरचेच अन्न आहे. सुकटही चांगली, फक्त भिजवून मीठ काढा. ताटात आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी भाकरी.

ताप, वाढत जाणारी पोटदुखी, सतत धडधड, पाणीही न टिकणे, पोटरी सुजणे, श्वास लागणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. ऑपरेशन केलेल्या रुग्णालयातच लगेच जा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

ही यादी कापून पाकिटात ठेवा.
१. माझ्यासाठी हेच ऑपरेशन का? दुसरे का नाही?
२. तुम्ही अशी किती ऑपरेशने केली आहेत? अतिदक्षता विभाग इथेच आहे का?
३. काही बिघडले तर वाढीव खर्च कोण करणार?
४. रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?
५. पुढच्या तपासण्या कधी, आणि त्यांना किती पैसे लागतील?

जो डॉक्टर पहिल्याच भेटीत तारीख देतो आणि प्रश्न विचारले की चिडतो, तिथून उठून या आणि दुसरे मत घ्या. तारीख ठरो वा न ठरो, उद्या सकाळची दहा मिनिटे मात्र ठरवून ठेवा. त्यांना पैसे लागत नाहीत, आणि ऑपरेशन झाले तरी व्हायचे राहिले तरी ती उपयोगी पडतात.