माग तोच, मग चादरी वाढल्या कशा?

विद्यार्थिमित्रांनो, घरात सोलापुरी चादर असेल तर तिच्यावरची नक्षी जरा जवळून पाहा. ती कापडावर छापलेली नाही; विणतानाच धाग्यांतून उमटलेली आहे. आता एक प्रश्न. सोलापुरातील एका यंत्रमागाचा वेग तोच ठेवला, कामगारही तेवढेच ठेवले, तरी रोज निघणाऱ्या चादरींची संख्या वाढवता येईल काय?

उत्तर देण्यापूर्वी ‘उत्पादकता’ म्हणजे काय ते पाहू. तयार झालेल्या मालाला त्यासाठी लागलेल्या वेळाने भागले की वेळेची उत्पादकता मिळते. समजा, एक माग तासाला २ चादरी विणतो. ८ तासांच्या पाळीत १६ चादरी निघायला हव्यात. पण माग सतत चालत नाही. कधी नक्षीला गिऱ्हाइकाची मंजुरी यायची असते, कधी हव्या त्या रंगाचे सूत संपलेले असते. अशा खोळंब्यात २ तास गेले, तर १२ चादरीच निघतील. खोळंबा अर्ध्या तासावर आणला, तर १५ निघतील. म्हणजे उत्पादकता २५ टक्क्यांनी वाढली आणि मागाचा वेग मात्र तोच राहिला! नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराला या तीन चादरींचे मोल चांगले ठाऊक असते.

हा खोळंबा बहुधा माहिती वेळेवर न पोचल्यामुळे होतो. इंटरनेट चादरीचा एकही धागा विणत नाही. ते माहिती पोचवते. नक्षी ही वस्तू नसून माहिती आहे, हे कळले की ही गोष्ट स्पष्ट होईल.

कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. बाण्याचा धागा जाताना ताण्याचे कोणते धागे वर उचलायचे, यावर नक्षी ठरते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी हे काम छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवले. छिद्र असेल तर हूक धागा उचलतो, नसेल तर उचलत नाही. बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठी एक पुठ्ठा लागतो. सोलापुरी चादरीची नक्षी या जॅकार्ड पद्धतीनेच विणली जाते.

छिद्र आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०, असे लिहिले तर? संगणकाची भाषा हीच आहे. समजा, नक्षीसाठी ४०० हूक आणि बाण्याचे १,२०० धागे लागतात. ४०० × १,२०० = ४,८०,००० शून्ये व एक झाले. यातील प्रत्येक अंकाला ‘बिट’ म्हणतात. सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेणाऱ्या जोडणीवरून ही सारी नक्षी पाठवायला सेकंदाचा विसावा भागही लागत नाही. तीच नक्षी पुठ्ठ्यांच्या रूपात पाठवायची, तर १,२०० पुठ्ठ्यांचे गाठोडे बांधावे लागेल!

इंटरनेटवर ही माहिती लहान लहान तुकड्यांत जाते. प्रत्येक तुकड्यावर पत्ता व अनुक्रमांक असतो. तुकडे वेगवेगळ्या वाटांनी गेले तरी शेवटी क्रमाने जुळतात. एखादा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. या देवघेवीचे नियम अमेरिकेतील ‘आर्पानेट’ या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

आता कारखान्यात परत येऊ. दूरच्या शहरातील व्यापारी नक्षी पडद्यावर पाहून त्याच दिवशी मंजुरी देऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड असेल तर पुठ्ठ्यांचीही गरज नसते. माग ती नक्षी थेट वाचतो. सूत काही तारेतून येत नाही. पण निळे सूत परवा संपणार हे पुरवठादाराला आजच कळले, तर गाडी वेळेवर निघते.

मात्र मर्यादाही ध्यानात घ्या. पडदा लाल, हिरवा व निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. सूत काही प्रकाश शोषून उरलेला परावर्तित करते. म्हणून पडद्यावरचा रंग आणि सुताचा रंग हुबेहूब जुळेलच असे नाही. चादरीचा मऊपणा तर हातालाच कळतो. यासाठी नमुन्याचा तुकडा पाठवावाच लागतो. शिवाय जी नक्षी क्षणात गिऱ्हाइकाकडे पोचते, ती तितक्याच क्षणात नक्कल करणाऱ्याकडेही पोचू शकते. सोलापुरी चादरीची भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याखाली नोंदणी झालेली आहे, ती नावाचा असा गैरवापर रोखता यावा म्हणूनच. आणि मागणीच नसेल, तर वाचलेल्या वेळेत विणलेल्या चादरी गोदामातच पडून राहतील.

करून पाहा : आलेखाच्या कागदावर २० × २० चौकोन आखा. काही चौकोन काळे करून एक फूल काढा. काळ्या चौकोनाला १ व पांढऱ्याला ० मानून एकेक ओळ मोठ्याने वाचा. पाठ करून बसलेल्या मित्राने ती ऐकून आपल्या कागदावर फूल काढावे. किती अंक सांगावे लागले? एक अंक चुकला तर काय झाले? आणि एक पूर्ण ओळच सांगायची राहिली तर? ती चूक मित्राच्या लक्षात यावी म्हणून प्रत्येक ओळीबरोबर आणखी काय सांगाल, याचा विचार करा.