मोबाईल चार्ज होत नसल्यास प्रथम काय पाहावे

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली. त्यासाठी शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे लागते, आणि तेही ठरलेल्या मुदतीत. अशा ऐन वेळी मोबाईल चार्ज होईनासा झाला, की शेतकरी तालुक्याच्या दुकानाकडे धाव घेतो. त्यात कामाचा दिवस बुडतो; आणि पुष्कळदा दोष मोबाईलमध्ये नव्हताच असे आढळून येते.

वीज भिंतीवरील बोर्ड, चार्जर व वायर यांतून मोबाईलच्या छिद्रापर्यंत येते. यांपैकी एका वेळी एकच वस्तू बदलून पाहावी. प्रथम शेजाऱ्याची चांगली वायर लावावी, मग चार्जर बदलावा, मग बोर्ड. सर्व एकदम बदलल्यास मोबाईल चार्ज होईल खरा, परंतु बिघाड कशात होता ते कळणार नाही. वायर बहुधा पिनेजवळ, जेथे ती वारंवार वाकते, तेथे आतून तुटते. व्होल्टेजला मात्र उगाच दोष दिला जातो. बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. दिवा थोडा मंद जळत असला तरी असा चार्जर चालतो.

शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये सर्वांत अधिक पाहण्याजोगी जागा म्हणजे पिनेचे छिद्र. सदऱ्याच्या खिशातील सुताचे तंतू व शेतातील धूळ त्यात साचते. पीन दर वेळी हा कचरा आत दाबते व अखेर ती पूर्ण बसेनाशी होते. मोबाईल बंद करून, चार्जर काढून, उजेडात छिद्र पाहावे व कोरड्या, बारीक लाकडी काडीने कचरा हलकेच बाहेर ओढावा. सुई, दाभण किंवा केसांची पीन मुळीच वापरू नये. आतील धातूच्या पट्ट्या वाकतात. तोंडाने फुंकर घातल्यास ओलावा आत जातो. खत टाकताना त्याच हातांनी मोबाईल हाताळणेही टाळावे, कारण युरियाची भुकटी हवेतील ओलावा शोषून घेते.

मोबाईल पावसात भिजला असल्यास तो चार्जरला लावू नये. पुसून, छिद्र खाली करून, सावलीत वारा लागेल असा निदान एक दिवस ठेवावा. तांदळात पुरून ठेवण्याची रीत चांगली नव्हे. तांदळाचा कोंडा छिद्रात जातो. चुलीजवळ तर तो ठेवूच नये.

उन्हात तापलेला मोबाईल आपणहून चार्जिंग थांबवतो. सावलीत निवला की पूर्ववत चालतो. बॅटरी पार उतरली असल्यास पडद्यावर खूण दिसावयास अर्धा तास लागू शकतो. मात्र बॅटरी फुगून पाठ उचलली गेली असेल, तर चार्जिंग ताबडतोब बंद करावे. अशी बॅटरी टोचू अगर दाबू नये. ती पेट घेते.

ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा जोडून मोबाईल चार्ज करण्याचा प्रकारही घातक आहे. ती बॅटरी १२ व्होल्टची असते, तर मोबाईलच्या साध्या चार्जरमधून ५ व्होल्ट बाहेर पडतात. त्यासाठी गाडीत लावावयाचा चार्जरच वापरावा.

एवढे करूनही मोबाईल चार्ज न झाल्यास दुकानात न्यावा व काय काय बदलून पाहिले ते दुकानदारास सांगावे. पीक पाहणीची मुदत संपत आली असेल, तर दुरुस्तीची वाट पाहू नये. एका मोबाईलवरून एकाहून अधिक खातेदारांची नोंद करता येते.